ज्याचा ऊस, त्याचा रिफ्लेक्टर



आज खोडव्याच्या खताबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. आज रस्त्याबद्दल लिहितो. मागच्या आठवड्यात मी माझ्याच उसाच्या ट्रॉलीवर धडकता धडकता राहिलो, आणि गाडीवर मागं माझी धाकटी लेक बसली होती.

झालं असं. त्या दिवशी ओढ्याकडच्या तुकड्याला तोड होती. संध्याकाळी शेवटची डबल ट्रॉली भरत आली, तेव्हा फडात दोन-अडीच टन ऊस शिल्लक दिसत होता. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी गाडी कोण आणणार? तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, रिकव्हरी घटते, हे आपण इथं कितीदा लिहिलंय. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडायला पाहिजे. म्हणून मीच मुकादमाला म्हणालो, "मामा, दोन्ही ट्रॉल्यांत थोडा थोडा चढवा, पण आज फड मोकळा करा." मुकादम म्हणाला, "मालक, जास्त व्हायलंय." मी म्हणालो, "काही होत नाही."

साडेसहाला ट्रॅक्टर फडातून निघाला. चाकं रुतत होती, तरी निघाला. मी घरी गेलो, चहा घेतला आणि आठच्या सुमारास लेकीला क्लासवरून आणायला मोटारसायकल काढली.

येताना नदीकाठचं धुकं उतरायला लागलं होतं. वेग पन्नासच्या आसपास असेल. समोरून एक चारचाकी आली. अप्पर लाईट, वर बंपरला लावलेले पांढरे फोकस वेगळेच. मी दोनदा डिपर दिला. त्यानं लाईट खाली घेतली नाही, उलट हॉर्न मारला. दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. मी ॲक्सिलेटर सोडला, एवढंच काय ते शहाणपण सुचलं. पडदा गेला तेव्हा समोर उसाची भिंत होती. लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उसाचे शेंडे मागं लोंबत होते, त्यात ट्रॉलीचा मागचा पत्राही दिसत नव्हता. दोन्ही ब्रेक दाबले. गाडी वाकडी होऊन थांबली तेव्हा पुढचं चाक पाचटात घुसलं होतं. लेकीचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं. "पप्पा, काय झालं?" मला उत्तर देता येईना.

मग मी तोंड सोडलं. ट्रॉलीखालून वीस-बावीस वर्षांचा पोरगा मोबाईलची बॅटरी घेऊन बाहेर आला. मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला होता. गाडी निम्मी रस्त्यावर, निम्मी साईडपट्टीवर. मागं हातभर अंतरावर चार दगड मांडलेले, वर लिंबाची एक डहाळी. मी त्याला नको नको ते बोललो. तो ऐकून घेत राहिला. शेवटी बॅटरी माझ्या तोंडावर धरून म्हणाला, "मालक, तुमचीच खेप हाय ही."

पुढं मला बोलता आलं नाही.

आता रस्त्यावरच्या लोकांवर आपली जी चीड आहे, ती खरी आहे. मी ती मागं घेत नाही. अप्पर लाईट मारत येणारे, समोरचा डिपर देतोय हे दिसूनही खाली न घेणारे. वळणावर, मोरीवर, ओव्हरटेक करणारे. बैलगाडीच्या मागं येऊन हॉर्नवर हात ठेवून बसणारे. अहो, बैलाला ब्रेक नसतो. गाडीत दीड-दोन टन ऊस, वर गाडीवान, कधी त्याचं पोर झोपलेलं. हॉर्ननं जनावर बुजलं की गाडी कुठं जाईल ते गाडीवानाच्याही हातात राहत नाही. आणि ट्रॅक्टर दिसला की जणू आपण त्यांच्या वाटेत मुद्दाम उभे आहोत असा चेहरा करणारे. घरी साखर गोड लागते, तिची गाडी रस्त्यावर दिसली की डोकं फिरतं.

हे सगळं खरं. पण हे बोलून झालं की आपण गप्प बसतो, आणि आपल्याकडच्या गोष्टी त्यात येतच नाहीत.

आपल्या ट्रॅक्टरवर कर्णा एवढा मोठा की मागून कोण हॉर्न देतोय ते ड्रायव्हरला ऐकूच येत नाही. पुढं चार-सहा फोकस, मागं एक दिवा नाही. टायर बदलला की ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच राहतात, आणि रात्री मोटर चालू करायला निघालेला आपलाच माणूस त्या दगडावरून पडतो. पावसाळी दिवसांत रानातनं गाडी निघते आणि चाकाचा चिखल अर्धा किलोमीटर डांबरावर पसरतो. पाईपलाईन फुटलेली असते, पाणी आठ-आठ दिवस रस्त्यावर वाहतं, कडा खचते, खड्डा पडतो आणि आपण खड्ड्याबद्दल ओरडतो. सोयाबीन, ज्वारी वाळवायला निम्मा रस्ता अडवतो, कडेनं दगड लावतो. फक्त दोनशे मीटर जायचंय म्हणून दुभाजकाच्या उलट्या बाजूनं ट्रॅक्टर घालतो. हे करणारे दुसरे कुणी नाहीत. मी यातलं निम्मं केलेलं आहे.

आता जरा हिशोब मांडतो. आपण एकराचा, किलोचा हिशोब मांडतो, तसाच.

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर, साधारण ५५ फूट. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ५५ ते ८० फूट गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ८०-९० फूट. सगळं मिळून दीडशे फुटांच्या आसपास, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. आणि मोटारसायकलच्या डिपर लाईटमध्ये न चमकणारी काळी वस्तू किती लांबून दिसते? फार तर शंभर-सव्वाशे फूट. धुक्यात त्याच्या निम्मं. समोरून कुणी अप्पर मारला तर काहीच नाही.

म्हणजे अंधारात उभ्या ट्रॉलीवर धडकणारा प्रत्येक जण दारू प्यालेला नसतो, मोबाईलवर नसतो. साठच्या वेगानं नीट गाडी चालवणाऱ्या माणसालाही ती ट्रॉली वेळेत दिसू शकत नाही. तीच ट्रॉली लाल रिफ्लेक्टर टेपची असेल, तर डिपरच्या उजेडात ती कितीतरी आधी चमकते. तुम्ही रात्री किलोमीटरचे दगड, पुलाचे कठडे चमकताना बघता, तसंच. त्याला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही, दिवा फुटायची भीती नाही. समोरच्याचाच उजेड त्याला परत जातो.

दुसरा हिशोब. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागं दोन ट्रॉल्यांत वीस टन आणि त्याच्याही वर. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर आपण आठ-दहा पट वजन सोपवलेलं असतं. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरला पुढं ढकलतं. त्यात टायर झिजलेले, रिमोल्ड केलेले. मग जादा दोन-अडीच टनांनी काही होत नाही असं मी म्हणालो होतो, त्याचं उत्तर मला रस्त्यात मिळालं. टायर फुटला म्हणून ट्रॉली उभी राहिली, उभी राहिली म्हणून मी तिच्यापर्यंत पोचलो. माझ्या जागी दुसरा कुणी पोचला असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. बातमीत "अज्ञात ट्रॉलीला धडक" असं वाचून चुकचुकलो असतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारच्या अहवालात आहे. त्यातली दोन तृतीयांशांच्या आसपास ग्रामीण भागात गेली. म्हणजे हा विषय पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकचा नाही, आपल्या बांधाजवळच्या रस्त्याचा आहे.

आता कुणी म्हणेल, हे ड्रायव्हरचं काम, ट्रॅक्टरमालकाचं काम, कारखान्याचं काम, पोलीस आणि आरटीओचं काम. बरोबर आहे, सगळ्यांचंच आहे. जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड, हे २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात लिहिलेलं आहे. हंगाम सुरू होताना कारखान्यावर कार्यक्रम होतो, रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो येतात. तेही चांगलंच. पण टेप नोव्हेंबरात लावली की डिसेंबरात ती चिखलानं माखते, जानेवारीत निम्मी निघालेली असते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे टेप ट्रॉलीच्या पत्र्यावर असते, ऊस मात्र पत्र्याच्या मागं तीन-चार फूट लोंबत असतो. पत्र्यावर कितीही टेप लावा, शेंड्यांच्या आड गेली की संपली.

ड्रायव्हरचीही बाजू ऐका. त्या रात्री जॅक लावेपर्यंत मी त्या पोराजवळ बसलो होतो. लेकीला गावातल्या एकाच्या गाडीवर घरी पाठवलं आणि मागं शंभर पावलांवर बॅटरी घेऊन उभा राहिलो, येणाऱ्याला हात दाखवत. तासभरात निदान सात-आठ गाड्या अशा आल्या की बॅटरी नसती तर सरळ ट्रॉलीवर गेल्या असत्या. मधे गाड्या थांबल्या की पोरगा बोलत होता. आदल्या रात्री बारा तास कारखान्याच्या आवारात नंबरला होता. पहाटे ट्रॉली रिकामी झाली, तसाच फडावर आला. पगार खेपेवर. ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आणि टोळीला दिलेली उचल. खेप चुकली की सगळ्यांचंच चुकतं. "झोप येती म्हणून तर साऊंड लावतो, मालक," असं तो म्हणाला. साऊंडवर चिडणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं.

मग आपली बाजू काय? ती सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथंच आहे.

आपल्या उसाचं बिल येतं ते एफआरपीतून तोडणी आणि वाहतूक वजा होऊन. म्हणजे त्या ट्रॉलीचं भाडं माझ्या उसातनं जातं. वर एन्ट्री म्हणा, खुशाली म्हणा, ती वेगळी द्यावी लागते. ट्रॉलीत माल माझा, भाडं माझं, आणि "भर अजून" असं म्हणणाराही मीच. मग ती रस्त्यावर गेली की ती दुसऱ्याची कशी काय होते? बांधावरून वाहून आलेल्या पाण्यानं शेजाऱ्याचं रान खराब झालं तर आपण भांडतो, कारण पाणी ज्याचं जबाबदारी त्याची. उसाच्या ट्रॉलीला हाच न्याय का नाही?

"पण मालक, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही म्हणून तोड परत पाठवू का?" असं विचारणारे आहेत आणि त्यांचं चुकत नाही. उसाला तुरा आलेला, चिटबॉयच्या मागं पंधरा दिवस फिरून तोड मिळालेली, अशा वेळी एकटा शेतकरी कुणाला परत पाठवत नसतो. मीही पाठवणार नाही. म्हणून मी नियम करा असं सांगत नाही. जे आपल्या हातात आहे, ज्याला कुणाची परवानगी लागत नाही, तेवढंच सांगतो.

पहिलं. लाल रिफ्लेक्टर टेपचा एक रोल आणि चमकणाऱ्या पट्ट्या शिवलेली दोन लाल कापडं घरात आणून ठेवा. मला सगळं मिळून सातशे रुपयांच्या आत पडलं. भरणी संपून दोर आवळत असतात, तेव्हा कापड सगळ्यात मागच्या मोळ्यांना, शेंड्यांच्याही बाहेर बांधा. एक खालच्या अंगाला, म्हणजे मोटारसायकलच्या उजेडात येईल असं. दहा मिनिटं लागतात. काट्यावर गेल्यावर ड्रायव्हर काढून ठेवतो, पुढच्या खेपेला परत आणतो. हरवलं तर हरवलं.

दुसरं. ट्रॉलीच्या मागच्या आणि बाजूच्या पत्र्यावर टेप असेल तर फडातनं निघताना ओल्या फडक्यानं पुसा. चिखलानं भरलेली टेप असून नसल्यासारखी. बाजूला टेप हवीच, कारण फडातनं ट्रॅक्टर रस्त्यावर वळतो तेव्हा तो आडवा असतो आणि येणाऱ्याला बाजूच दिसते. त्या वेळी आपण स्वतः रस्त्यावर बॅटरी घेऊन उभं राहायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं. शेवटच्या खेपेत जादा भरायला लावू नका. हा मी मला सांगतोय. उरलेला दोन टन ऊस पाचटाखाली झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या तोडीबरोबर घाला. एका दिवसात जी घट येईल ती सोसा. त्या घटीचे पैसे टायरच्या आणि माणसाच्या किमतीपुढं काहीच नाहीत.

चौथं. गाडी रस्त्यात बंद पडली तर दगड हातभर अंतरावर नाही, निदान शंभर-दीडशे पावलं मागं काहीतरी खूण पाहिजे, आणि बॅटरीवाला माणूस पाहिजे. दगड लावलेच तर जाताना उचलायचे. ड्रायव्हरजवळ आपला नंबर असू द्या. "गाडी बसली तर मला फोन कर" असं सांगा. त्या पोराकडं माझा नंबर नव्हता, नाहीतर मी आधीच तिथं असतो.

पाचवं, आणि हे लागणीच्या आधीच ठरवायचं आहे. ज्यांचं रान रस्त्याच्या वळणावर आहे, त्यांनी कोपऱ्यात ऊस लावू नका. दहा-बारा फूट ऊस उभा राहिला की पलीकडून येणारा दिसतच नाही. साडेचार फुटी सरीच्या चार सऱ्या, पन्नास फूट लांबीनं सोडल्या तर ९०० चौरस फूट जातात. म्हणजे गुंठ्यालाही कमी. उसाचं नुकसान धरा एक टन, आजच्या दरानं तीन-साडेतीन हजार रुपये. तिथं हरभरा, भुईमूग, मेथी, कोथिंबीर, काहीही बुटकं घ्या, निम्म्याहून जास्त वसूल होतं. माझ्या स्वतःच्या रानाला असा एक कोपरा आहे. तिथं आजवर दोनदा मोटारसायकली एकमेकांवर आल्या आहेत. पुढच्या लागणीला तो मोकळा दिसेल, नाही दिसला तर मला टोका.

परवा वरच्या तुकड्याला तोड होती. मी कापडं घेऊन फडात गेलो. ड्रायव्हर दुसरा होता. हसला. म्हणाला, "मालक, पूजा घालताय व्हय गाडीची?" मी म्हणालो, "तसंच समज." एका कोयत्याच्या जोडीनंच पुढं होऊन कापड वर बांधलं. त्या बाईनं विचारलं, आमच्या गाडीवानांसाठी पण आहे का म्हणून. त्यांच्या बैलगाड्या रात्री त्याच रस्त्यानं जातात, आणि त्या गाड्यांवर त्यांची पोरं असतात. मी तिला नाही म्हणालो, कारण नव्हतं. काल आणखी दहा कापडं शिवायला टाकली आहेत. आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या बैठकीत विषय काढणार आहे. सभासद दीडशेच्या घरात आहेत. प्रत्येकानं आपल्या एका तोडीपुरतं केलं तरी आमच्या रस्त्यावर बिनकापडाची ट्रॉली दिसायची नाही.

अप्पर लाईट मारणाऱ्याला मी सुधारू शकत नाही. त्याचा नंबरही मला दिसला नव्हता. तो उद्याही तसाच येणार, परवाही येणार. पण त्याच्या उजेडात माझी ट्रॉली चमकेल एवढं मी करू शकतो.

लेक अजून त्या वळणावर आलं की माझा शर्ट घट्ट धरते. काही बोलत नाही.

तुमच्या भागात ट्रॉलीला, बैलगाडीला मागं काय बांधतात, कुठली युक्ती टिकते, ते लिहा. विशेषतः लोंबत्या शेंड्यांवर काय चांगलं राहतं हे कुणी करून बघितलं असेल तर नक्की सांगा. आणि हो, पुढच्या वेळी खोडव्याचं खत.